रिकामा, कोरडा व स्वच्छ

शशिधर नेसरीकरांना मिळालेला चषक घरात आल्यावर त्याच्या बाबतीत जी काही चूक व्हायची होती, ती पहिल्या दहा मिनिटांतच होऊन गेली, आणि ती दहा मिनिटं ते स्वतः न्हाणीघरात होते. पुढे वर्षभर भेटेल त्याला ते हेच सांगत राहिले, की आपण त्या वेळी अंघोळीला गेलो नसतो तर हे रामायण घडलंच नसतं. पण मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, मांडीवर चिनीमातीचं भांडं धरून, आडवं न होता कोल्हापूरपर्यंत आलेला माणूस घरी पोचल्यावर अंघोळ करणार नाही तर काय करणार?

चषक म्हटल्यावर कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे जे येतं, तसा हा नव्हता. आपल्याकडे फुटबॉलचा चषक असतो तो दोन कानांचा, चकचकीत; कुस्तीची गदा असते ती खांद्यावर टाकून गावभर मिरवण्यासारखी. हा होता पांढऱ्याशुभ्र चिनीमातीचा, हातभर उंच, पोट फुगीर, मान आवळलेली आणि तोंड पुन्हा जरासं उमललेलं. अखिल भारतीय सिरॅमिक परिषद तो दरवर्षी एका माणसाला द्यायची. त्या माणसाचं नाव निळ्या रंगात चषकाच्या पोटावर लिहून पुन्हा भाजून घ्यायचं, म्हणजे ते कायमचं व्हायचं. अशी बावीस नावं गोलाकार लिहिलेली होती. कुणी मोठ्या पोलाद कारखान्यातला, कुणी प्रयोगशाळेचा प्रमुख. बाविसावं नाव होतं, ‘श. म. नेसरीकर, कोल्हापूर’.

रिक्षातून उतरताना शेजारच्या जोतीरामनं तो पाहिला. जोतीराम म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला वाहतूक नियंत्रक. रुईकर कॉलनीतली सगळी वाहतूक तो अजूनही आपल्या फाटकातून नियंत्रित करत असे. त्यानं चषकाकडे बराच वेळ पाहिलं आणि सहानुभूतीनं विचारलं, “सायब, येवढ्या लांब बलवून बरनी दिली व्हय?”

नेसरीकर रिक्षाचे पैसे देऊन आत गेले. न बोलण्याची त्यांना सवय होती. तेवीस वर्षं ते शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीवाल्यांसाठी भट्टीच्या विटा करत होते. ज्या आगीत लोखंडाचं पाणी होतं, त्या आगीत बसून राहणारी ती वीट. सिरॅमिकची पदविका त्यांनी पहिल्या वर्गात मिळवलेली होती. पण कॉलनीत त्यांची ओळख एकच, इटावाले नेसरीकर. सुरुवातीला ते लोकांना समजावून सांगत. एकदा जोतीरामला त्यांनी पाऊण तास उष्णतारोधक विटेचं शास्त्र सांगितलं. त्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, “पन कंपाउंडला चालंल न्हवं?” तेव्हापासून त्यांनी समजावणं सोडलं होतं.

हा सन्मान त्यांना मिळाला तो लेडलच्या अस्तराबद्दल. लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यापर्यंत न्यायचा डोल. त्याला आतून मातीचं अस्तर असतं आणि ते सारखं तडकतं. नेसरीकरांनी त्या मातीत साखर कारखान्याची मळी घालून असं अस्तर काढलं, की ते शंभर ओतींपर्यंत तडकेना. कारखान्यात मुंग्या झाल्या, पण तडे थांबले. मानपत्रावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, ‘तडा रोखण्याच्या शास्त्रातील मौलिक योगदानाबद्दल’. हे वाक्य नेसरीकरांना तोंडपाठ झालं होतं आणि पुढे त्याचा त्यांना फार त्रास झाला.

मानपत्रासोबत नियमांचा कागद होता. नियम अकरावा म्हणत होता की चषक विजेत्याकडे बारा महिने राहील आणि एकतीस डिसेंबरला परत करावा लागेल. नियम बारावा असा : ‘परत करताना चषक रिकामा, कोरडा व स्वच्छ असावा.’

नेसरीकर अंघोळ करून, विभूती लावून बाहेर आले तेव्हा चषक देवघरापुढे पाटावर होता. त्यात गळ्यापर्यंत पाणी होतं. पाण्यात सुपारी, एक नाणं. तोंडाशी नागवेलीची पाच पानं आणि त्यावर शेंडीवाला नारळ, कुंकवाची पाच बोटं ओढलेला. बाजूला त्यांच्या आई रत्नव्वा, वय वर्षं सत्त्याहत्तर, रांगोळीचा शेवटचा ठिपका टेकवत होत्या. सगळं गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीत होतं तसं झालं होतं.

“अव्वा, हे काय केलंस?”

“रिकामं भांडं उंबऱ्याच्या आत ठिवायचं नसतं, तम्मा,” अव्वा म्हणाल्या. “आनि कुनाचं भांडं परत देताना बी रिकामं द्यायचं नसतं. येवढं बी ठावं न्हाई व्हय तुझ्या परिषदेला?”

नेसरीकरांनी नियम बारावा मोठ्यानं वाचून दाखवला. अव्वांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, की ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरात बाईमाणूस नसावं. यावर परिषदेच्या घटनेत काही तरतूद नव्हती. चार दिवस राहू दे, मग काढू, असं नेसरीकरांच्या पत्नी दानेश्वरी म्हणाल्या, आणि चार दिवसांनी कुणालाच आठवलं नाही. अव्वा दर शुक्रवारी पाणी घालत राहिल्या. येणारे-जाणारे नमस्कार करून सुपारी वाहायला लागले. नेसरीकरांना तेही बरंच वाटलं, कारण नमस्कार करताना माणूस वाकतो आणि वाकल्यावर नाव बरोबर डोळ्यांसमोर येतं.

पाडव्याला अव्वा कलशावरचा नारळ बदलायला गेल्या आणि तिथंच बसल्या. शेंडीतून बोटाएवढा हिरवापांढरा कोंब वर आला होता, आणि खाली तीन-चार मुळ्या करवंटीला वळसा घालून पाण्यात उतरल्या होत्या.

देवापुढच्या नारळाला कोंब फुटणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना दानेश्वरींनी कॉलनीभर फिरून सांगितलं. हे कमी होतं म्हणून की काय, जूनमध्ये इचलकरंजीहून जावई शिवकुमार, माग बंद ठेवून, पेढे घेऊन आला. नेसरीकरांची एकुलती एक मुलगी विद्याश्री लग्नाला नऊ वर्षं होऊन तशीच होती. मिरजेचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. घरात त्या विषयावर बोलणंही बंद झालं होतं. तिला दिवस गेले होते.

अव्वांनी त्या दिवशी कुणाचं मत विचारलं नाही. “बाळ हातात ईस्तोवर त्या कोंबाला कुनी हात लावायचा न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि झाडाला नुसत्या पाण्यावर कसं ठेवायचं म्हणून त्यांनी चषकात मूठ मूठ माती आणि शेणखत सोडायला सुरुवात केली.

बाळंतपणाची तारीख जानेवारी अखेरची होती. चषक परत करायचा होता एकतीस डिसेंबरला.

आता नेसरीकर विज्ञानाचे माणूस. नारळाला ओलावा मिळाला की तो रुजतो आणि त्याचा इचलकरंजीशी काही संबंध नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसं त्यांनी एकदा पत्नीला ऐकवलंही. दानेश्वरी म्हणाल्या, “मग उपटा की. मी कुठं नको म्हणते?” नेसरीकर देवघरापर्यंत गेले, कोंबाकडे पाहून आले आणि वर्तमानपत्र वाचत बसले. त्यांना भीती वाटली होती. नऊ वर्षांनी मुलीच्या आवाजात हसू आलं होतं, आणि त्या हसण्यावर प्रयोग करण्याइतके ते मोठे शास्त्रज्ञ नव्हते.

पण चषकही त्यांना परत द्यायचाच होता, आणि अख्खा. लोकांना वाटे, घरात राहतोय तर उलट बरंच की. त्यांना हे कळत नव्हतं की घरात राहिलेला चषक फक्त जोतीराम पाहणार. तो परत गेला तर तेविसावा माणूस पाहणार, चोविसावा पाहणार. दरवर्षी कुणीतरी मोठा माणूस तो हातात फिरवत नावं वाचणार आणि कोल्हापूरपाशी थांबणार. तेवीस वर्षं ऐकलेल्या ‘इटावाले’चं उत्तर त्या निळ्या ओळीत होतं, आणि ती ओळ फिरती राहिली तरच तिला अर्थ होता.

म्हणून ते रोज सकाळी एक गोष्ट करू लागले. भट्टीतून निघालेली वीट चांगली की वाईट हे कारखान्यात लहान हातोडीनं टिचकी मारून ओळखतात. चांगली वीट खणकन वाजते. आत तडा असला तर आवाज बद्द येतो. नेसरीकर पूजा झाली की ती हातोडी घेऊन चषकाच्या पोटावर हळूच टिचकी मारत आणि कान लावत. खण्. मग ते कामाला जात. आत मुळं वाढत होती आणि चिनीमाती बाहेरून कितीही दाब सोसते, आतून ताण मात्र सोसत नाही, हे त्यांनी स्वतःच एका निबंधात लिहिलं होतं.

दरम्यान कोंबाला पानं आली आणि लोक यायला लागले. आधी कॉलनीतल्या बायका आल्या, मग बिंदू चौकातल्या, मग गडहिंग्लजच्या एसटीनं सकाळी निघून दुपारी पोचणाऱ्या. प्रत्येकीचं कुणी ना कुणी होतं, कुणाची सून, कुणाची बहीण. अव्वा त्यांच्या ओटीत झाडाखालची चिमूटभर माती घालत आणि बिचाऱ्या डोळे पुसत जात. एकदा पत्ता विचारत आलेल्या माणसाला जोतीरामनं फाटकातून सांगितलेलं नेसरीकरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं : “नारळवाल्या अव्वांचं घर व्हय? त्ये काय समोर. त्यांचा मुलगा हाय की आत, इटाचं कायतरी करतोय.” त्या दिवशी नेसरीकर जेवले नाहीत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. जोतीराम म्हणाला, रताळ्याचा वेल काढतात तसं मुळं भिजवून हळूहळू ओढावीत. नागाळा पार्कातल्या एका वकिलांचं मत पडलं, की झाड हे जंगम का स्थावर ते आधी ठरवावं. नेसरीकरांनी मात्र सनदशीर मार्ग धरला आणि परिषदेकडे मुदतवाढ मागितली. उत्तरादाखल ‘नमुना ग’ आला, तीन प्रतींत भरायचा. त्यात ‘मुदतवाढीचे कारण’ असा रकाना होता. नेसरीकरांनी लिहिलं, ‘तांत्रिक’. परिषदेनं विचारलं, कोणतं? खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि खरं लिहिणं अब्रूत बसत नव्हतं. दोन दिवस विचार करून त्यांनी लिहिलं, ‘चषकाच्या अंतर्भागात सजीव वाढ आढळून आली आहे.’ पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ‘बुरशी असल्यास कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवावे.’ खाली सही ‘सचिवांकरिता’. स्वतः सचिव कोण, हे कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी हुबेहूब दुसरा चषक करायचं ठरवलं. हा विचार पूर्ण प्रामाणिक नव्हता, हे मान्य करायला हवं. पण दुसऱ्या चषकात झाड लावायचं आणि पहिला परत करायचा, का दुसराच परत करायचा, हे त्यांनी मनाशी मुद्दामच ठरवलं नव्हतं. कारखान्यातले भट्टीवाले पिराजी कुंभार यांना त्यांनी विश्वासात घेतलं. पिराजींच्या सात पिढ्या मातीत गेलेल्या. त्यांनी घरी येऊन चषकाला दोऱ्यानं माप घेतलं, कारखान्यात साचा केला, आणि तीन दिवसांनी भट्टी उघडली. माती भाजताना आकसते, हे दोघांनाही माहीत होतं; किती आकसेल यावर दोघांनी हिशेब वेगवेगळा केला होता. निघाला तो चषक तांब्याएवढा होता आणि रंगानं विटेसारखा. दुसऱ्या खेपेला माप वाढवलं, तर पोट एका अंगाला कलंडलं. दानेश्वरींनी तो मिठाला ठेवून घेतला. पिराजींनी तंबाखू मळता मळता निकाल दिला, “मालक, आपला हात इटंला बसलाय. त्येला काय लाज हाय व्हय?”

लाज होतीच. पण ती पिराजींना सांगण्यासारखी नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी नेसरीकरांनी हातोडीची पूजा केली, मग तिनंच चषकावर टिचकी मारली. बद्द आवाज आला. त्यांनी पुन्हा मारली, दुसऱ्या बाजूनं मारली. बद्द. चष्मा पुसून पाहिलं तेव्हा नावांच्या खालून केसाएवढी रेघ अर्ध्या पोटाला वळसा घालून गेलेली दिसली. तडा रोखण्याच्या शास्त्रातील मौलिक योगदान. ते देवघरात तसेच बसून राहिले. सोनं वाटायला आलेल्या लोकांना वाटलं, ध्यान लागलंय.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विद्याश्री बाळंतपणाला माहेरी यायची होती. ती नोव्हेंबरात आली, जड पावलांनी, आणि आल्या आल्या झाडाला पाणी घालून हात जोडून उभी राहिली. तिच्या त्या तोंडाकडे पाहून तडा आहे म्हणून कोण सांगणार? नेसरीकरांनी टिचकी मारणं बंद केलं. अव्वांच्या ते लक्षात आलं. एका दुपारी त्या म्हणाल्या, “वाजीवत न्हाईस आताशा?” नेसरीकर म्हणाले, “कंटाळा आला.” अव्वांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि संध्याकाळी चषकाच्या पोटाला खालून-वरून लाल सुताचे सात फेर घट्ट गुंडाळले गेले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे नेसरीकरांनी विचारलं नाही.

अठ्ठावीस डिसेंबरला परिषदेचे सचिव स्वतः दारात उभे राहिले. साठी उलटलेले, किरकोळ, हातात कातडी बॅग, कोल्हापूरच्या उन्हातही अंगात स्वेटर. चार स्मरणपत्रांना समाधानकारक उत्तर न आल्यामुळे नियम सतराव्यानुसार पाहणीला आलोय, असं त्यांनी उंबऱ्यावरच सांगितलं. पाहणी होईपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही, असंही सांगितलं. अव्वा म्हणाल्या, “पावणं, आदी जेवा. बगायला काय, झाड कुठं पळून चाललंय?” सचिव झाड या शब्दानं गोंधळले, आणि त्या गोंधळात त्यांच्या पुढ्यात ताट आलं.

जेवण होईपर्यंत अव्वांनी त्यांना सगळं सांगून टाकलं, काही न लपवता, नमुना ‘ग’ मध्ये न मावणारं सगळं. रिकाम्या भांड्याचा नियम सांगितला, परत देतानाचाही सांगितला. सचिव मान खाली घालून भाकरी मोडत होते. विद्याश्री एक हात कमरेवर ठेवून ताक वाढायला आली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि पेला पुढे करायचं विसरले. मग त्यांनी कितवा महिना असं विचारलं, आणि ती म्हणाली, आठवा संपत आलाय.

मग ते देवघरात गेले. बॅगेतून नोंदवही काढली, भिंग काढलं, चषकाभोवती एक फेरी मारली. सुताच्या फेरांकडे पाहून थांबले. मग त्यांनी बोटाचं पेर वाकवून चषकावर हलकेच टिचकी मारली आणि कान लावला. नेसरीकरांनी ओळखलं. हा माणूस नुसता सह्या करणारा नव्हता. यानंही आयुष्यभर भाजलेली माती वाजवून पाहिलेली होती. सचिवांनी भिंग बॅगेत ठेवलं आणि जरा बाहेर येता का, असं विचारलं.

फाटकापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, “तडा केव्हापासून आहे?”

“दसऱ्यापासून.”

“घरात माहीत आहे?”

“मी सांगितलेलं नाही.”

“मग माझ्या अहवालातही नको,” सचिव म्हणाले. त्यांनी फाटकाच्या खांबावर वही टेकवून लिहिलं, ‘चषकाची आतील दाबाखालील दीर्घकालीन चाचणी कोल्हापूर येथे सुरू. फेब्रुवारीअखेर पूर्ण होईल.’ वही मिटली तरी ते जाईनात. समोर जोतीराम रिक्षावाल्याला हात करून थांबवून बसला होता. सचिवांनी स्वेटरचं बटण काढलं, लावलं.

“माझी मुलगी नाशिकला असते,” ते म्हणाले. “अकरा वर्षं झाली लग्नाला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही.”

“माझाही नाही,” नेसरीकर म्हणाले.

“उद्या त्या झाडाला नारळ धरला, तर एक आमच्यासाठी ठेवाल?”

नेसरीकरांनी त्यांचा हात हातात घेतला. नारळाला फळ धरायला सात वर्षं लागतात, हे दोघांनाही माहीत होतं.

जानेवारीच्या अखेरीस विद्याश्रीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला तिचं नाव पूर्णिमा ठेवलं, आणि त्याच दिवशी परसात पिराजींनी खड्डा घेतला. आता झाड जमिनीत लावायला अव्वांची हरकत नव्हती. आवळलेल्या मानेतून मुळं काही निघणार नव्हती. एक तर मुळं तोडायची, नाही तर चषक. नेसरीकरांनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी सुताचे फेर सोडले, टिचकी मारायची हातोडी आणली आणि त्या रेघेवर एकदाच मारली.

चषक दोन्हीकडे उलगडून पडला. आत मुळांचा चषक उभा होता. तेच फुगीर पोट, तीच आवळलेली मान, खाली तळाची गोल कडसुद्धा तीच. बारीक पांढऱ्या मुळांची घट्ट वीण. पिराजींनी कपाळाला हात लावला. त्या दोघांना जी नक्कल दोन भट्ट्यांत साधली नव्हती, ती हुबेहूब समोर होती. मग झाड खड्ड्यात गेलं आणि माती लोटली.

तुकडे एकोणीस निघाले. नेसरीकरांचं नाव असलेला तुकडा तळहाताएवढा, अख्खा सुटून आला होता, एक अक्षर न दुखावता. दानेश्वरी म्हणाल्या, तेवढा ठेवून घ्या. त्यांनी तो दोन दिवस ठेवलाही. पण एकवीस नावं परत करायची आणि आपलं एकट्याचं मागे ठेवायचं, हे त्यांना बरं वाटेना. त्यांनी सगळे तुकडे धुऊन, उन्हात वाळवून लाकडी पेटीत भरले आणि रजिस्टर पार्सलनं पाठवले. पोच आली. यावेळी सही खुद्द सचिवांची होती : ‘चषक मिळाला. स्थिती : रिकामा, कोरडा व स्वच्छ.’

त्या वर्षापासून परिषदेनं पितळी ढाल सुरू केली. जुनी नावं तिच्यावर घेतली नाहीत. पहिलं नाव बडोद्याच्या कुणाचं होतं. नेसरीकरांना ते पत्रक आलं तेव्हा वाईट वाटलं, आणि फार वाटलं. शिरोलीत त्यांचं अस्तर आता सगळेच वापरत होते, मळी घालून, त्यांचं नाव न घेता. कॉलनीत ते ‘नारळवाल्या अव्वांचे’ राहिले. मानपत्र होतं, पण मानपत्र आपल्याकडे सगळ्यांकडेच असतं.

दोन हजार सहा साली झाडाला पहिला घड आला. त्यातले चार नारळ टिकले. शहाऐंशी वर्षांच्या अव्वा खुर्चीत बसून होत्या. त्यांनी पहिला देवाला सांगितला आणि दुसरा न विचारताच बाजूला काढायला लावला : “त्यो मुंबईच्या पावण्यांचा.” सचिव निवृत्त होऊन पुण्याला गेले होते. त्यांचा पत्ता परिषदेकडून मिळवायला दोन पत्रं आणि एक नमुना भरावा लागला. नेसरीकरांनी नारळ भाताच्या पेंढ्यात गुंडाळून पिराजींकडून करून घेतलेल्या लाकडी पेटीत घातला. आत चिठ्ठी टाकली, ‘भांडं फुटलं. भांड्यातलं परत करायला सात वर्षं उशीर झाला, क्षमा असावी.’

महिन्यानं पोस्टमन तीच पेटी घेऊन आला. नेसरीकरांना वाटलं, पत्ता चुकला. पण पेटी हलकी होती, आणि आत पेंढ्यावर पत्र होतं.

‘नारळ मिळाला. नाशिकला स्वतः पोचवला. मुलगी आता त्रेचाळीस वर्षांची आहे, तेव्हा तुम्ही समजून घ्याल. तिनं तो फोडला नाही. अंगणात लावला. पेटी परत पाठवतो आहे. ती रिकामी पाठवू नये, हे तुमच्या मातोश्रींनी मला जेवताना शिकवलं होतं. आतली वस्तू परिषदेच्या मोडीत जायची होती. मी ती माझ्या खणात ठेवून घेतली. नियमात बसत नव्हतं. पण ती अधूनमधून काढून वाचायला मला बरं वाटे.’

पेंढ्याखाली तळहाताएवढा पांढरा तुकडा होता. सात वर्षांची पूर्णिमा खुर्चीच्या हातावर रेलून मोठ्यानं वाचू लागली, “श. म. नेसरीकर, कोल्हापूर. आजोबा, हे तुम्ही?”

“हो,” नेसरीकर म्हणाले. मग त्यांनी तिला आतून हातोडी आणायला सांगितली. तुकडा दोन बोटांच्या चिमटीत धरला, कानाजवळ नेला आणि हळूच टिचकी मारली.

आवाज खणखणीत आला.